डॅफ्नी कोरणारे हात

पानाभोवती नक्षीची चौकट. वर कथेचं नाव, मधोमध चित्र, खाली आठ ओळींची फ्रेंच कविता. पान उलटा, पुन्हा तीच मांडणी. अशी १७८ चित्रं.

रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’मधल्या या कथा. माणसांची झाडं होतात, पशू होतात, पक्षी होतात. फ्रान्समधल्या लिऑन शहरात, जाँ द तूर्न यांच्या छापखान्यात, १५५७ साली हे पुस्तक निघालं. ओव्हिडचं काव्य पंधरा सर्गांचं. इथे त्याच्या लॅटिन ओळी नाहीतच. कथा सांगायची ती चित्रानंच.

ही पाहा वनदेवता डॅफ्नी. मागे तिचा पाठलाग करणारा देव अपोलो, आणि तिच्या हातांच्या फांद्या होतायत. ओव्हिड आधी झाडाची साल सांगतो, मग केस, मग हात, मग पाय. चित्राला एवढी उसंत नाही. एकाच क्षणात बाई दिसली पाहिजे आणि झाडही. तेसुद्धा काडेपेटीहून जेमतेम मोठ्या जागेत.

आता हा ठोकळा बघा. लाकूड नासपतीचं, दाट आणि गुळगुळीत. त्यावर चित्र उलटं काढायचं. मग रेषेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवायची आणि मधली रेष उभी ठेवायची. कागदावर जे काळं उमटतं, त्याला सुरी लागलेलीच नसते. खोदायचं असतं ते पांढरं. अपोलोच्या मांडीवरची सावली म्हणजे लाकडाचे केसासारखे बारीक कणे. एक मोडला, की तेवढी सावली गेली.

ठोकळ्याची उंची खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीइतकीच. त्यामुळे चित्र आणि कविता एकाच चौकटीत आवळायची, शाई लावायची आणि एका दाबात छापायची. तांब्याच्या पत्र्यावरच्या चित्राला हे जमत नाही. त्याची शाई खोदलेल्या रेषांत बसते, त्याला रुळांचं वेगळं यंत्र लागतं.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ओव्हिड आहे, जाँ द तूर्न आहेत. चित्रकार नाही. ही चित्रं बर्नार सालोमाँ यांची, असं आज अभ्यासक सांगतात. कोरणाऱ्यांचं नाव मात्र पुस्तकात कुठेच नाही, आणि इतक्या बारीक कामाला हे शोभत नाही.

पुढे जर्मनीत व्हर्जिल झोलिस यांनी याच चित्रांवरून नवे ठसे केले. ते १५६३ मध्ये फ्रँकफुर्टला छापले गेले. दोन्ही पानं शेजारी ठेवा. डावीकडचं उजवीकडे गेलंय, कारण छापील चित्र ठोकळ्यावर सुलटंच उतरवलं होतं. इटलीतले कुंभार आणि फ्रान्समधल्या लिमोजचे मीनाकारही सालोमाँच्या चित्रांवरून थाळ्या सजवत.

अशा थाळ्यांखालच्या पाट्यांवर संग्रहालयं आता ‘सालोमाँच्या चित्रावरून’ असं लिहितात. त्याच ओळीत ‘ठसे कोरणारा अज्ञात’ एवढं तरी लिहायला हवं.