न्हाणीतला धूर

आषाढात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जळण वाळत नाही. स्वयंपाक गॅसवर होतो, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून अंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच तापतं. ‘घरात गॅस आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ असं उत्तर येतं, आणि न्हाणी विचारायची राहून जाते. पहाटे तिथं फुंकणी घेऊन बसलेल्या सुनेला सहावा महिना असतो.

ओल्या लाकडाची बरीच उष्णता त्यातलं पाणी वाफवण्यातच जाते. आग थंड राहते, लाकूड अर्धवट जळतं, मग कार्बन मोनॉक्साईड आणि अडीच मायक्रॉनहून बारीक काजळी वाढते. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक जोरानं चिकटतो, आणि पोटातल्या बाळाच्या रक्तातून आईपेक्षा उशिरा सुटतो. काजळीही वाट काढते: वारेच्या (प्लॅसेंटाच्या) बाळाकडच्या बाजूला तिचे कण असल्याचं बेल्जियमच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. अशा धुरात राहिलेल्या आईचं बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मण्याचा, किंवा अडीच किलोच्या आत भरण्याचा धोका वाढतो. तिचं रक्त आधीच कमी असेल, तर प्राणवायूची ओढाताण दुहेरी.

चूल बंद करता येत नसेल, तर निदान ती दुसऱ्यानं पेटवावी. पेटताना धूर फार होतो, तेव्हा गरोदर बाईनं न्हाणीत थांबूच नये. पावसाळ्याचं जळण वैशाखातच मनगटाएवढं फोडून, जमिनीपासून वीतभर उंच, पत्र्याखाली रचावं. वाळलेली दोन लाकडं एकमेकांवर आपटली की खणखणतात. प्लास्टिक किंवा टायरचा तुकडा घालून चूल पेटवू नये. धुराडं असेल तर ते छपराच्या वर निघालेलं हवं. आत काजळी साचली, की धूर चुलीच्या तोंडातूनच घरात परततो. म्हणून दर पंधरवड्याला झाडावं.

बाळंतिणीच्या खोलीचं काय? दारं-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, न्हाऊ घातल्यावर बाळाला ओवा-वेखंडाची धुरी. यामागे माया आहे, पण निखाऱ्यांचा धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो. ऊब द्यायला कोरडं दुपटं, टोपडं आणि आईच्या उघड्या छातीशी बाळ पुरतं. धुरी द्यायचीच नाही. बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. साठ किंवा जास्त भरले, तर पुन्हा एकदा मोजावेत. तेवढेच आले, तर लगेच दवाखाना गाठावा.