सॅम विल्सनचा भूतकाळ

मित्रहो, कॉमिक्समधल्या कृष्णवर्णीय नायकांबद्दल बोलताना सुरुवात बहुधा 1966 सालच्या ब्लॅक पँथरपासून होते. मी फाल्कनपासून करतो, कारण त्याच्या बाबतीत जे झालं ते मला अजून डाचतं.

1969 साली ‘कॅप्टन अमेरिका’च्या 117व्या अंकात लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जीन कोलन यांनी सॅम विल्सन, म्हणजेच फाल्कन, आणला. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला तरुण, सोबत रेडविंग नावाचा ससाणा. पुढे तो आपल्याच वस्तीत समाजकार्य करताना दिसतो. 1971पासून तर मुखपृष्ठावर कॅप्टनच्या जोडीने त्याचं नाव छापून येऊ लागलं.

मग 1975 साली 186वा अंक आला. त्यात रेड स्कल हा नाझी खलनायक सांगतो, की सॅम मुळात ‘स्नॅप’ नावाचा गुंड होता आणि कॉस्मिक क्यूब नावाच्या, मनातलं खरं करणाऱ्या घनाच्या शक्तीने मीच त्याला सज्जन बनवलं. जरा विचार करा. सहा वर्षं वाचकांनी ज्या चांगुलपणावर जीव लावला, तो सॅमचा नव्हताच म्हणे. एका नाझीने घातलेला होता! आणि तो खरवडला की खाली कोण, तर गुन्हेगार. हे कुणी द्वेषाने लिहिलं असं मी म्हणत नाही. दर महिन्याला अंक काढायचा, तर कथेला कलाटणी लागतेच. पण कलाटणीसाठी हात त्याच जुन्या साच्याकडे गेला, हे मला लागतं. असंच दुसऱ्या एका कृष्णवर्णीय नायकाचं: ग्रीन लँटर्नमधला जॉन स्टुअर्ट 1971 साली आला तेव्हा वास्तुविशारद होता. पुढे टीव्हीवरच्या कार्टून मालिकेने त्याला मरीन सैनिक केलं, मग कॉमिक्सनेही तेच उचललं, आणि इमारती उभारणारा माणूस मागे पडला.

पूर्वकथा बदलूच नये, असं मात्र माझं म्हणणं नाही. 2003मध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी कॅप्टन अमेरिकाचीच पूर्वकथा उकलली. त्यामागे टस्कीगीचा खराखुरा इतिहास होता. 1932 ते 1972, तब्बल चाळीस वर्षं, अलाबामात सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सरकारी डॉक्टरांनी उपचाराविना नुसतं न्याहाळलं. या कथेत कॅप्टनला महाबली बनवणाऱ्या औषधाचा प्रयोग कृष्णवर्णीय सैनिकांवर होतो. त्यांतला आयझाया ब्रॅडली कॅप्टनचा पोशाख घालून शत्रूच्या छावणीत घुसतो. जिवंत परततो, तर पोशाख चोरल्याबद्दल त्यालाच तुरुंगात टाकतात.

शेवटी स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे खुद्द कॅप्टन अमेरिका, आयझायाच्या घरी जातो. त्याचं मन आता लहान मुलासारखं झालेलं, बोलणं हरवलेलं. स्टीव्हने तो फाटका पोशाख परत आणलाय. दोघांचा एक फोटो निघतो: तो पोशाख आयझायाच्या अंगावर, आणि स्टीव्ह त्याच्या शेजारी उभा.