तांबी काढण्याआधीचे सात दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, बसवायला आलेली बाई दहा शंका विचारते. काढायला येते तेव्हा तिची शंका एकच असते, दुखेल का हो? काढणं हे बसवण्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे. त्यासाठी पाळीची वाट बघावी लागते असंही नाही. तपासणीच्या टेबलावर झोपायचं. स्पेक्युलम, म्हणजे योनिमार्ग उघडून धरणारा चिमटा, लावला की गर्भाशयाचं तोंड दिसतं आणि तिथे तांबीचे बारीक दोरे असतात. ते चिमट्यात धरून सावकाश ओढले, की टी अक्षराच्या आडव्या दोन्ही बाजू वर दुमडतात आणि तांबी बाहेर येते. पाळीत येते तशी एखादी कळ येते, थोडंफार डाग लागतात. दोरे दिसलेच नाहीत तर सोनोग्राफीत ती कुठे आहे ते बघतात. घरी स्वतः ओढायच्या भानगडीत मात्र पडू नका.

खरी चौकशी करायची ती पुढची. तांबी निघाली की तिचं संरक्षण त्याच क्षणी संपतं, मागे काही उरत नाही. मूल हवं असेल तर छानच, त्याच महिन्यात दिवस राहू शकतात. नको असेल तर फसगत होते ती इथे. शुक्रजंतू बाईच्या शरीरात 5 दिवसांपर्यंत तग धरू शकतात. समजा रविवारी संबंध आला, बुधवारी तांबी काढली आणि गुरुवारी बीज सुटलं. बुधवारनंतर कितीही जपलं तरी रविवारचे शुक्रजंतू आत असू शकतात!

म्हणून काढण्याआधीचे 7 दिवस संबंध टाळा, नाहीतर निरोध वापरा. गोळ्यांवर जायचं असेल तर तांबी आत असतानाच गोळ्या सुरू करा आणि 7 दिवस झाल्यावर ती काढून घ्या. इंजेक्शन किंवा दंडातलं इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायची बारीक कांडी, घेणार असाल तरी हाच हिशेब. नवा उपाय लागू पडेपर्यंत तांबी राखण करते.

उपाय निवडताना डॉक्टरांपासून काही लपवू नका. रक्तदाब असेल, पस्तिशीनंतरही सिगारेट चालू असेल, किंवा डोळ्यांपुढे चमकून मग अर्धशिशी उठत असेल, तर नेहमीची मिश्र, म्हणजे दोन हॉर्मोनची, गोळी तुमच्यासाठी नाही. लवकरच मूल हवं असेल तर इंजेक्शनही नको. ते बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात.

मुदत संपली म्हणून तांबी काढताय? 'कॉपर-टी 380' नावाच्या तांबीची मुदत 10 वर्षं असते. जुनी काढली की त्याच बैठकीत नवी बसवता येते. 'मधे पिशवीला जरा विश्रांती द्या' असं सांगणाऱ्या खूप भेटतात. पिशवीला अशी विश्रांती लागत नाही, आणि त्या विश्रांतीतच नको असताना दिवस राहतात.

एक राहिलं. नवऱ्याने नसबंदी केली की काही जणी लगेच तांबी काढून मोकळ्या होतात. हे करू नका. शस्त्रक्रियेनंतरही वीर्यात काही काळ शुक्रजंतू असतात. साधारण 3 महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं, त्यात शुक्रजंतू नाहीत असा रिपोर्ट आला की मगच तांबी काढायला या.