हरकत कोणाची? एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमची परवानगी

लिव्हरपूल शहराच्या उत्तर भागात, रीजंट रोडच्या कडेने जाणारी ग्रॅनाइटची ही भिंत जेसी हार्टली या अभियंत्याने उभारली. कॅमेरा जवळ नेला की लक्षात येते, या दगडांना ठरावीक आकार नाही. मोठे, ओबडधोबड दगड आधी बसवले आहेत आणि त्यांच्यामधल्या फटींत नेमके मावतील असे लहान तुकडे नंतर घडवून भरले आहेत. या भिंतीपलीकडची ब्रॅमली-मूर गोदी १८४८ मध्ये खुली झाली आणि पुढे कित्येक दशके येथून मुख्यतः कोळसा जहाजांवर चढत असे. आज तेथे एव्हर्टन फुटबॉल क्लबचे ५२ हजारांहून अधिक आसनांचे स्टेडियम आहे. पाण्याच्या जागी गवत कसे आले हे सांगणे तुलनेने सोपे आहे. त्यासाठी परवानगी कशी मिळाली, आणि ती मिळण्याआधी क्लबच्या समर्थकांनी दोन दशके आपसांत काय वाद घातला, हे सांगणे अवघड आहे.

फुटबॉलच्या समर्थकाने नियोजनाच्या कायद्याचा अभ्यास करावा अशी कोणाची अपेक्षा नसते. एव्हर्टनच्या समर्थकांवर मात्र ती वेळ आली. जमिनीच्या वापराचे धोरण, वाहतुकीचा आराखडा, संरक्षित वास्तूंची श्रेणी, मंत्र्याचा हस्तक्षेपाचा अधिकार, हे सारे विषय त्यांच्या गप्पांत बचावफळी आणि आघाडीच्या खेळाडूंइतक्याच सहजपणे येऊ लागले, कारण एकामागून एक नव्या मैदानाच्या योजना त्यांच्या डोळ्यांदेखत बारगळत गेल्या.

मुळात नवे मैदान हवेच कशाला, हा त्या वादातला पहिला प्रश्न होता. एव्हर्टन हा क्लब १८९२ पर्यंत अ‍ॅनफिल्डवर खेळत असे. जागेच्या भाड्यावरून मालकाशी बिनसल्यावर क्लबने ते मैदान सोडले, गुडिसन पार्क उभारले, आणि रिकाम्या पडलेल्या अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल हा प्रतिस्पर्धी क्लब जन्माला आला. गुडिसन पार्कवर १९६६ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामनाही झाला. परंतु हे मैदान चहूबाजूंनी वेढलेले होते. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा अगदी भिंतीपर्यंत आलेल्या, आणि सेंट ल्यूक्स चर्च तर दोन स्टँडच्या मधल्या कोपऱ्यातच उभे. आत गेल्यावर छताचे खांब नजरेच्या आड येत, आणि काही आसनांची तिकिटे ‘दृश्यास अडथळा’ असे सांगूनच विकली जात. विस्तार करायचा तर शेजाऱ्यांची घरे घ्यावी लागणार, आणि न करावा तर प्रत्येक हंगामात मोठ्या क्लबांच्या तुलनेत तिकिटांचे उत्पन्न कमी पडणार. तरीही ज्यांच्या तीन पिढ्या गुडिसनच्या ग्लॅडिस स्ट्रीट स्टँडमध्ये बसल्या होत्या, त्यांना हा हिशेब पटवणे कठीण होते, आणि ते साहजिकच आहे.

पहिली मोठी योजना किंग्ज डॉकची. शहराच्या मध्यभागी, मर्सी नदीच्या काठावर, ५५ हजार आसनांचे स्टेडियम. जागा अशी की विरोध करायला कोणाला कारणच सापडू नये. ती फसली ती नियोजनामुळे नव्हे, तर क्लबला आपल्या वाट्याचे सुमारे ३ कोटी पाउंड उभे करता आले नाहीत म्हणून. २००३ मध्ये ती संपली. आजही अनेक जुने समर्थक सर्वांत जास्त हळहळतात ते याच जागेसाठी.

त्यानंतर आले कर्कबी, आणि या सगळ्या कथेतला कळीचा भाग माझ्या मते हाच आहे.

कर्कबी हे लिव्हरपूलच्या हद्दीबाहेरचे, शेजारच्या नोझ्ली परगण्यातले गाव. टेस्को ही किराणा कंपनी, नोझ्लीची स्थानिक परिषद आणि क्लब यांनी मिळून तेथे सुमारे ५० हजार आसनांचे स्टेडियम आणि त्याला जोडून प्रचंड मोठे खरेदी संकुल बांधायचे ठरवले. २००७ मध्ये क्लबने समर्थकांचे मतदान घेतले आणि मत देणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी होकार दिला. म्हणजे दहांतील चार जणांचा नकार होता, आणि हे चार जण गप्प बसणारे नव्हते. ‘कीप एव्हर्टन इन अवर सिटी’ या नावाने त्यांनी संघटना उभी केली. क्लबने शहर सोडू नये ही त्यांची मूळ भावना होती. परंतु भावनेवर कोणतीही नियोजन समिती अर्ज फेटाळत नाही, हे त्यांना लवकरच उमगले. म्हणून त्यांनी कागदपत्रे वाचली. सामन्यानंतर हजारो माणसांना गावाबाहेर काढण्याची व्यवस्था पुरेशी आहे का, संकुलाच्या आकाराचे समर्थन कोणत्या धोरणात बसते, क्लब सांगतो तो आर्थिक लाभ खरोखर क्लबला मिळणार का, असे प्रश्न ते मुद्देसूदपणे विचारू लागले.

इंग्लंडमधील पद्धत थोडक्यात अशी आहे. अर्ज स्थानिक परिषदेकडे जातो, कोणीही नागरिक त्यावर हरकत किंवा पाठिंबा नोंदवू शकतो, अधिकारी अहवाल तयार करतात आणि निवडून आलेल्या सदस्यांची समिती मत देते. मात्र प्रकरणाचे परिणाम स्थानिक हद्दीपलीकडे जात असतील, तर केंद्रातील मंत्री ते स्वतःकडे घेऊन जाहीर सुनावणी लावू शकतो. नोझ्लीने २००८ मध्ये कर्कबीला होकार दिला, पण शेजारच्या परिषदांनी कडाडून विरोध केला. इतके मोठे खरेदी संकुल झाले तर आपल्या बाजारपेठा ओस पडतील, अशी त्यांची तक्रार होती. सरकारने प्रकरण हातात घेतले. सुनावणीत स्टेडियमच्या विरोधात बोलणाऱ्यांमध्ये त्याच क्लबचे समर्थक होते, हे दृश्य फुटबॉलच्या जगात विरळाच. नोव्हेंबर २००९ मध्ये परवानगी नाकारण्यात आली, आणि त्यामागचे मुख्य कारण खरेदी संकुलाचा आकार व त्याचा आसपासच्या गावांवर होणारा परिणाम हेच होते.

त्या दिवशी अर्धे समर्थक संतापले आणि अर्ध्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. क्लबचे दशक वाया गेले असे पहिले म्हणत, तर क्लब वाचला असे दुसरे. पुढे २०१४ मध्ये वॉल्टन हॉल पार्क या सार्वजनिक उद्यानाचा पर्याय पुढे आला. मोकळी हिरवी जागा हिरावली जाईल म्हणून तेथील रहिवासी विरोधात उभे राहिले, आणि २०१६ मध्ये तोही सोडून देण्यात आला.

त्याच वर्षी उद्योजक फरहाद मोशिरी क्लबमध्ये भागधारक म्हणून आले आणि ब्रॅमली-मूर गोदीचे नाव ऐकू येऊ लागले. २०१७ मध्ये जमिनीचा मालक असलेल्या पील समूहाशी दोनशे वर्षांच्या भाडेकराराबाबत सहमती झाली. जागा शहराच्या हद्दीत, नदीच्या काठावर. किंग्ज डॉक गमावल्याची खंत बाळगणाऱ्यांना याहून अधिक काय हवे होते? क्लबने घेतलेल्या जनमत चाचणीच्या दोन फेऱ्यांत मिळून ६० हजारांहून अधिक प्रतिसाद आले आणि त्यांतील बहुतेक सगळे अनुकूल होते. जे समर्थक कर्कबीच्या वेळी दोन तटांत विभागले होते, ते आता एका बाजूला आले.

पण आता हरकत घेणारे वेगळे होते, आणि त्यांचा मुद्दा किरकोळ नव्हता. ही गोदी २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळाच्या सीमेत होती. ती स्वतः दुसऱ्या श्रेणीची संरक्षित वास्तू. गोदी बुजवून त्यावर स्टेडियम बांधणे म्हणजे तिचे मूळ स्वरूपच नाहीसे करणे, असे ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या वारसा संस्थेने स्पष्टपणे मांडले. व्हिक्टोरियन सोसायटीनेही विरोध केला. गोदी म्हणजे भिंती आणि पाणी. पाणी काढून घेतले तर उरते ती केवळ दगडी चौकट, हा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो प्रामाणिकपणे वाचला तर त्यात खोट काढणे सोपे नाही.

समर्थकांना तो वाचण्याची इच्छा नव्हती, असे म्हणावे लागेल. त्यांचे उत्तर साधे होते. भिंतीआडची ही जागा ओसाड पडलेली आहे, सामान्य माणसाला आत प्रवेश नाही, व्यापारी वर्दळ केव्हाच ओसरली आहे, शेजारी सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, आणि आजूबाजूच्या वस्त्या देशातील सर्वांत गरीब वस्त्यांपैकी आहेत. मग हा वारसा नेमका कोणासाठी जपायचा? हाही प्रश्न बिनतोड आहे. गंमत अशी, की दहा वर्षांपूर्वी ज्यांनी नियमांचे पुस्तक हातात धरून एक स्टेडियम अडवले होते, त्यांच्यातलेच अनेक जण आता हरकती घेणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणू लागले होते. नियोजनाची प्रक्रिया तीच होती, तिच्यासमोर उभे राहणाऱ्यांची बाजू तेवढी पालटली होती.

या हरकतींचा काही परिणाम झालाच नाही असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये दाखल केलेल्या अर्जात पुढच्या वर्षी बदल करण्यात आले, आणि नदीच्या बाजूची बहुमजली वाहनतळाची इमारत काढून तेथे पायऱ्यांचे मोकळे पटांगण आखण्यात आले. १८८३ च्या जलशक्ती यंत्रघराच्या मनोऱ्याची दुरुस्ती योजनेत होती. गोदीच्या भिंती उखडायच्या नाहीत, वाळूखाली तशाच ठेवायच्या, आणि पश्चिमेला पाण्याचा एक प्रवाह कायम राखायचा, असे ठरले. विटांच्या दर्शनी भागावर तिरप्या जाळीची नक्षी घेतली, ती गुडिसनच्या स्टँडवर आर्चिबाल्ड लीच या वास्तुरचनाकाराने केलेल्या प्रसिद्ध जाळीची आठवण म्हणून. वारसावाद्यांचे यातल्या कशानेही पूर्ण समाधान झाले नाही, तरी आज समर्थक ज्या गोष्टींची छायाचित्रे काढतात त्यांतल्या काही या रस्सीखेचीतून आल्या आहेत.

२३ फेब्रुवारी २०२१ रोजी लिव्हरपूलच्या नियोजन समितीने एकमताने मंजुरी दिली. वारशाची हानी मोठी आहे हे मान्य करूनही, रोजगार आणि परिसराचे पुनरुज्जीवन या सार्वजनिक लाभांचे पारडे जड आहे, असा निष्कर्ष त्यामागे होता. त्यानंतरचा महिना समर्थकांसाठी समितीच्या बैठकीपेक्षा कठीण गेला. मंत्र्याने कर्कबीसारखेच हेही प्रकरण स्वतःकडे घेतले तर काय, ही धास्ती होती. मार्चअखेर सरकारने हस्तक्षेप न करण्याचा निर्णय कळवला आणि मार्ग मोकळा झाला.

किंमत मात्र शहराला मोजावी लागली. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीने गुप्त मतदानाने, १३ विरुद्ध ५ मतांनी, लिव्हरपूलचे नाव जागतिक वारसा यादीतून वगळले. ओमानमधील अरबी ओरिक्स अभयारण्य आणि जर्मनीतील ड्रेस्डेनचे एल्ब खोरे यांच्यानंतर असे नाव गमावणारे हे तिसरेच स्थळ. दोष एकट्या स्टेडियमचा नव्हता. नदीकाठच्या ‘लिव्हरपूल वॉटर्स’ या प्रचंड विकास योजनेमुळे शहर २०१२ पासूनच धोक्याच्या यादीत होते. त्याच महिन्यात बांधकाम कंपनीने जागेचा ताबा घेतला. गोदीतले मासे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले आणि समुद्रातून उपसलेली साडेचार लाख घनमीटरांहून अधिक वाळू आत भरण्यात आली.

पैशांची बाजू सांगायची तर ती वेगळ्या माहितीपटाचा विषय ठरेल. खर्च वाढत गेला. २०२३ मध्ये प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल स्पर्धेच्या आर्थिक नियमांच्या भंगाबद्दल क्लबचे १० गुण कापले गेले, अपिलानंतर ते ६ वर आले. त्या प्रकरणातल्या वादग्रस्त मुद्द्यांत स्टेडियमसाठीच्या कर्जाच्या व्याजाचा हिशेबही होता. डिसेंबर २०२४ मध्ये क्लबची मालकी फ्रीडकिन समूहाकडे गेली.

परवानगी मिळाली म्हणजे अडचणी संपल्या, असे समजणाऱ्यांना पुढच्या टप्प्याने चकित केले. भरलेले स्टेडियम वापरण्यासाठी सुरक्षेचे प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळवण्यासाठी आधी मर्यादित प्रेक्षकांच्या चाचण्या घ्याव्या लागतात. पहिली चाचणी १७ फेब्रुवारी २०२५ रोजी, १० हजार प्रेक्षकांच्या उपस्थितीत, क्लबच्या १८ वर्षांखालील संघाच्या सामन्याने झाली. १८ मे रोजी पुरुष संघाने साउदॅम्प्टनविरुद्ध गुडिसनवरचा शेवटचा सामना खेळला. ते मैदान पाडण्याचे बेत होते, पण ऐनवेळी ते महिला संघाचे घर म्हणून राखण्याचा निर्णय झाला. २४ ऑगस्ट रोजी, ‘हिल डिकिन्सन स्टेडियम’ हे नाव मिळालेल्या नव्या मैदानावर, ब्रायटनविरुद्ध पहिला लीग सामना झाला आणि एव्हर्टनने तो २-० असा जिंकला.

आता समर्थकांचा वाद सँडहिल्स स्थानकाकडे वळला आहे. स्टेडियमला सर्वांत जवळचे हे रेल्वे स्थानक लहान आहे, दोन रुळांमधला एकच फलाट आणि त्यावर चढायला मर्यादित वाट. सामना संपल्यावर गर्दीला बाहेर रांगेत थांबवून टप्प्याटप्प्याने आत सोडावे लागते. वाहनतळाची सोय मुद्दामच कमी ठेवलेली असल्याने परिषदेने भोवतालच्या मोठ्या परिसरात सामन्याच्या दिवशी गाड्या उभ्या करण्यावर निर्बंध आणले, आणि ते कळताच तेथील छोट्या व्यावसायिकांनी हरकती घेतल्या. समर्थकांपैकी काहींना हे निर्बंध जाचक वाटतात, तर काहींचे म्हणणे असे, की इतक्या अरुंद रस्त्यांवर गाड्यांना मोकळीक दिली असती तर रुग्णवाहिकेलाही वाट मिळाली नसती.

५२ हजारांहून थोडी अधिक ही क्षमता कमी पडते, ६० हजारांवर जायला हवे होते, असा एक जुना आग्रह यातूनच पुन्हा डोके वर काढतो. आसने वाढवायची तर पुन्हा अर्ज, पुन्हा हरकती आणि पुन्हा वाहतुकीचा अहवाल आलाच. गोदी तर आधीच बुजली आहे, त्यामुळे वारसावाद्यांचा जुना मुद्दा त्या सुनावणीत फारसा पुढे येणार नाही. पहिला प्रश्न विचारला जाईल तो वाढीव सात-आठ हजार माणसे सँडहिल्सच्या त्या एका फलाटावरून घरी कशी जाणार, आणि तो विचारणाऱ्यांत हंगामी तिकीट घेतलेले कित्येक जण असतील.