पारी कुठून येते?

बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं हे स्वयंपाकघर, सकाळची वेळ, खिडकीतून तिरपं ऊन आलंय आणि काकू मोदक वळतायत. त्यांच्या अंगठ्याकडे बघा. तुपाचं बोट लावून गोळा दाबत दाबत वाटी झाली, सारण बसलं, कळ्या पडल्या, तोंड मिटलं.

पेशी उपाशी राहिली की तिच्या आत असंच चालतं, त्याला ऑटोफॅगी म्हणतात, म्हणजे मोडके मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग), जुनी प्रोटीन्स पडद्यात गुंडाळून लायसोसोमकडे, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशवीकडे, पाठवायची, तिथे तुकडे होऊन माल परत वापरात. उपवासाच्या रील्समुळे हा शब्द घरोघरी पोचलाय, पण तो पडदा येतो कुठून हे कोणी विचारतच नाही, आणि खरी कमाल तर तिथेच आहे. काकूंची उकड आधीच मळून तयार होती, पेशीत मात्र पारी वळता वळताच उकड येत राहते.

आता हा फळा. हे खडूचे बारके गोल म्हणजे एटीजी-९ प्रोटीन असलेल्या पिशव्या, यीस्टमध्ये ३० ते ६० नॅनोमीटरच्या, अशा मोजक्याच पिशव्यांपासून सुरुवात होते. शेजारची नागमोडी रेघ म्हणजे ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम), पेशीचा लिपिडचा कारखाना; लिपिड म्हणजे पडदा ज्याचा बनतो ते स्निग्ध पदार्थ. मधला दांडा एटीजी-२ नावाचं प्रोटीन, लांबी जेमतेम २० नॅनोमीटर, आणि त्याच्यावरून ईआरची लिपिड्स पन्हळीतून पाणी यावं तशी इकडे येतात. पण येतात ती पडद्याच्या एकाच थरात, मग एटीजी-९ त्यातली काही उलटवून दुसऱ्या थरात टाकतं, हे २०२० मध्ये कळलं, इतकं ताजं आहे हे सगळं! पडदा पसरतो, वाकतो, वाटी होते, कडा जवळ येतात, साधारण दहा मिनिटांचं काम. आणि पारी दुहेरी, आतबाहेर दोन पडदे.

हे मायक्रोस्कोपखालचं बेकरीचं यीस्ट, रात्रभर नुसत्या पाण्यात ठेवलेलं. आतला मोठा फिकट गोल म्हणजे व्हॅक्युओल, यीस्टचं लायसोसोमच. जपानमध्ये शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींनी असंच यीस्ट उपाशी ठेवलं होतं, फक्त त्यात पचवणारी एंझाइम्स नव्हती, त्यामुळे व्हॅक्युओल न पचलेल्या गोळ्यांनी भरत गेली आणि ते साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपखाली दिसलं. पेपर १९९२ चा, नोबेल २०१६ चं.

ही यंत्रणा बिघडली की मेंदूच्या पेशींत कचरा साठतो, पार्किन्सन या मेंदूच्या आजाराशी त्याचा संबंध आहे.

परत काकूंचा हात. शेवटची कळी, चिमट, शेंडी. पेशीत तोंड मिटवायची ही चिमट एस्कर्ट नावाची प्रोटीन्स घेतात. आधण आलंय, चाळणी चढतेय.