जातो नाही, येतो

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापुरात घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणालं, की आतून आजीचा आवाज येतोच, ‘येतो म्हणावं रे!’ आफ्रिकेतल्या मलावी देशात, ब्लांटायर शहरात आम्ही पाच वर्षं काढली. तिथल्या चिचेवा भाषेत निरोपाचे शब्द दोन. निघणारा म्हणतो ‘त्सालानी ब्विनो’, म्हणजे नीट राहा. मागं राहणारा म्हणतो ‘पितानी ब्विनो’, नीट जा. आम्हाला हा दुसराच शब्द जास्त म्हणावा लागला. परदेशातली बिऱ्हाडं तीन-चार वर्षांत हलतात, आणि हात हलवायला आपण फाटकात उभे.

यजमान कापड गिरणीत होते. शेजारच्या बंगल्यात स्कॉटलंडचं मिशनरी कुटुंब. बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स, साहेब शाळेत गणित शिकवायचे. ब्लांटायर हे नावच मुळी डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाच्या जन्मगावाचं. स्कॉटिश मिशन तिथं 1876 साली आलं. ‘मिशनरी’ म्हटल्यावर सासूबाईंनी फोनवर आवाज खाली करून विचारलं, ‘धर्माचं काही बोलतात का गं?’ आता अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा सोलापूरनं एकोणिसाव्या शतकापासून पाहिल्यात, तरी ही धास्ती काही जात नाही. साहेबांनी आमच्याकडं एकाच गोष्टीचा पाठपुरावा केला : शेंगाचटणी.

त्याचं असं झालं. तिकडं भुईमूग भरपूर. बायका उंच लाकडी उखळीत शेंगदाणे कुटतात आणि ते कूट पालेभाजीत घालतात. मी त्याच उखळीत लसूण, तिखट, मीठ घालून दाणे कुटले, तेल सुटेपर्यंत. वासानं साहेब कुंपणाशी आले. पुढं दर शनिवारी मुसळ त्यांच्या हातात. मिक्सरला ही चव नाही, हे त्यांना पटवावं लागलं नाही!

मग त्यांची मुदत संपली. फ्रिज एकाला, सायकली दुसऱ्याला, आणि उखळ आमच्या ओट्यावर. आम्ही सोलापुरी चादर दिली. तेवीस किलोची मर्यादा. वजनकाट्यावर बॅग दोन किलो जास्त भरली. बाईंनी शांतपणे आपले बूट काढून ठेवले, चादर राहू दिली.

आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला निघाले, तेही घरी ‘येतो’च म्हणाले असतील. 1942 साली ते तिकडंच वारले. विमानतळावर मला का कोण जाणे तेच आठवत राहिलं.

आमची सात वर्षांची लेक मात्र कुणाशी बोलेना. साहेबांची मुलगी तिच्याच वयाची, दोघींची भाषा म्हणजे इंग्रजी, चिचेवा आणि मराठीची मिसळ. ती वळून म्हणाली, ‘जातो.’ लेक एकदम खेकसली, ‘येते म्हण! तू मुलगी आहेस!’ व्याकरण दुरुस्त करून झालं आणि मग रडू फुटलं.

आठवड्याभरात त्या बंगल्यात नवं कुटुंब आलं. लेक महिनाभर तिकडं फिरकली नाही.

उखळ आम्ही सामानाबरोबर बोटीनं सोलापूरला आणली. पहिल्याच मे महिन्यात उन्हानं तिला वरपासून खालपर्यंत भेग गेली. आता दाराशी असते, आम्ही तिच्यात छत्र्या ठेवतो.