एकाच क्षणी पाहणारा देश

मित्रहो, 1 ऑगस्ट 2024 च्या दुपारी स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल नेमबाजीची अंतिम फेरी खेळत होता, तेव्हा मी कोल्हापुरातल्या एका कार्यालयात कामासाठी गेलो होतो. काम अर्थातच थांबले होते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा ऑलिंपिक पदकासाठी उभा असताना कागदांकडे कोण पाहणार? कोपऱ्यातल्या टीव्हीसमोर काही जण उभे होते, बाकीचे आपापल्या मोबाइलमध्ये डोके घालून बसले होते. टीव्हीसमोरच्यांनी एकदम आरोळी ठोकली, त्या वेळी माझ्या शेजारच्या तरुणाच्या मोबाइलवर स्वप्नील अजून नेम धरून उभा होता. काही सेकंदांनी तो तरुण ओरडला आणि त्यानंतर खिडकीजवळचा तिसरा. 451.4 गुणांचे एकच कांस्यपदक त्या एका खोलीत तीनदा मिळाले.

याचे कारण साधे आहे. इंटरनेटवरचे चित्र लहान लहान तुकड्यांत येते, थोडे साठवले जाते आणि मगच दिसते, म्हणून ते प्रत्येकाकडे वेगवेगळ्या वेळी पोहोचते. आनंद तिघांचाही खरा होता. तरीही ती तीन वेगळी ओरड माझ्या मनातून गेली नाही, कारण देश आपला आहे ही जाणीव केवळ काय पाहिले यावर ठरत नाही. कुणाच्या शेजारी बसून आणि कोणत्या क्षणी पाहिले, यावरही ती ठरते, असे मला वाटत आले आहे.

न पाहताही ती जाणीव होते, याचे उदाहरण याच शहरात आहे. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले, तेव्हा ती कुस्ती इथल्या कुणीही पाहिलेली नव्हती. राजाराम महाविद्यालयाच्या या विद्यार्थ्याला पाठवण्यासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले आणि गावच्या लोकांनीही पदरमोड केली. खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे दिले होते, त्यांना हे पदक आपले आहे हे वेगळे सांगावे लागले नाही.

मग दूरचित्रवाणी आली. दिल्लीत 1959 साली, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 रोजी, आणि 1982 मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने देशभर एकाच वेळी दिसणारा राष्ट्रीय कार्यक्रम. 1987 साली रविवारी सकाळी रामायण मालिका लागे, त्या वेळचे आमच्या गल्लीतले दृश्य आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. संच एकाच घरात होता. सोप्यात सतरंजी अंथरलेली असे, चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत येई आणि कौलांवर चढलेला एक मुलगा अँटेना फिरवत विचारी, ‘आलं का?’ खालून सगळे ओरडत, ‘अजून मुंग्याच हायत!’ नळावरच्या पाण्यावरून घरमालकिणीशी आठवडाभर जिचे भांडण चालले होते, ती बाईही त्याच सतरंजीवर बसलेली असे. तिला उठवण्याची सोय नव्हती आणि तसा विचारही कुणाच्या मनात येत नसे.

हा काळ निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. वाहिनी एकच होती आणि ती सरकारची होती. सरकारला अडचणीची बातमी तिच्यावर क्वचितच दिसे. राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला की मराठी मागे पडे, आणि देश म्हणजे दिल्लीला दिसणारा देश, अशी समजूत आमच्या पिढीच्या मनात नकळत रुजली. प्रसारणासाठीच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितले, तोवर खाजगी उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचल्या होत्या. विविधता आली, ती हवीच होती. पण प्रेक्षकांची मोजदाद जाहिरातींच्या दरासाठी होऊ लागली, आणि रात्रीच्या चर्चेत आरडाओरडा जितका अधिक, तितका प्रेक्षक खिळून राहतो, हेही वाहिन्यांना उमगले.

मोबाइलने याहून खोल बदल केला. पाहणारा स्वतःच दाखवणारा झाला. ऑगस्ट 2022 मध्ये डीपीवर तिरंगा लावण्याचे आवाहन झाले आणि आमच्या नातेवाइकांच्या गटात बहुतेकांनी तो आनंदाने लावला. दोन दिवसांनी मात्र ज्यांनी लावला नव्हता, त्यांची नावे घेऊन विचारणा सुरू झाली. त्यांत सैन्यातून निवृत्त झालेले माझे एक काका होते. त्यांना डीपी बदलता येत नव्हता. देशाविषयीचा आपलेपणा ही मनात बाळगण्याची गोष्ट होती, ती दाखवण्याची झाली, आणि दाखवायची म्हटल्यावर तपासणारेही आले. हीच तपासणी पुढे कुठे जाते, ते आपण जून 2023 मध्ये याच शहरात पाहिले. काही जणांच्या मोबाइलवरील स्टेटसवरून तणाव निर्माण झाला, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात हे घडले, याचे मला आजही दुःख आहे.

तरी दोष यंत्राचा आहे, असे मानायला मी तयार नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली होती, महामार्ग बंद होता, आणि त्या आठवड्यात याच मोबाइलवर फिरणारे संदेश मी जपून ठेवले आहेत. ‘मारुती मंदिरामागे, वरच्या मजल्यावर दोन म्हाताऱ्या, औषध संपलंय.’ हा संदेश तासाभरात किती हातांतून गेला कोण जाणे, पण त्या दोघी कोणत्या जातीच्या, कोणत्या धर्माच्या, असे त्यावर कुणी विचारलेले नाही. त्याखाली शेवटी दोनच शब्द आहेत: ‘बाहेर काढलं.’

त्या वर्षी स्वातंत्र्यदिन आणि रक्षाबंधन एकाच दिवशी आले. शिरोळ तालुक्यातल्या एका निवारा केंद्रात बायकांनी मदतीला आलेल्या जवानांना राख्या बांधल्या, तेव्हा मी तिथे होतो. एका आजींना मराठीखेरीज भाषा येत नव्हती आणि समोरच्या जवानाला मराठी कळत नव्हती. आजींनी राखी बांधली, दोन्ही हातांनी त्याच्या गालावरून बोटे फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली, आणि ‘जेवलास का रे लेकरा?’ म्हणून विचारले. तो मान हलवून हो म्हणाला.